लाँड्रीच्या सांडपाण्यातला डिटर्जंट मेम्ब्रेननं कसा काढायचा : सांगली-मिरजेतल्या छोट्या युनिटसाठी

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि पुढे हे गाव दवाखान्यांचंच झालं. दवाखाने आले तशा रोजच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशन थिएटरचे हिरवे ड्रेप आले, आणि ते धुणाऱ्या लाँड्र्याही आल्या. साध्या वॉशर-एक्स्ट्रॅक्टर मशीनमध्ये एक किलो कपड्यांना साधारण 15 ते 25 लिटर पाणी जातं. म्हणजे दिवसाला 500 किलो कपडे धुणारी मध्यम लाँड्री रोज दहा हजार लिटरच्या घरात पाणी सोडते. उन्हाळ्यात एकीकडे टँकर मागवायचा आणि दुसरीकडे फेसाळलेलं पाणी नाल्यातून कृष्णेला जाऊ द्यायचं, ही परिस्थिती बदलण्यासारखी आहे. ती बदलायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

मेम्ब्रेन फिल्ट्रेशनचा, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळण्याचा, त्यासाठी उत्तम उपयोग होतो. मात्र यंत्रणा घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. मेम्ब्रेन डिटर्जंट नष्ट करत नाही. तो डिटर्जंट एका बाजूला ठेवतो आणि स्वच्छ पाणी दुसऱ्या बाजूला काढतो. मागे उरलेल्या घट्ट पाण्याचं, म्हणजे रिजेक्टचं, काय करायचं हे ठरलं नसेल तर यंत्रणा कितीही चांगली असली तरी प्रश्न जागेवरच राहतो. म्हणून या लेखाचा क्रम थोडा उलटा आहे. सुरुवात रिजेक्टपासून.

आधी रिजेक्टचा हिशोब

समजा, वरच्या दहा हजार लिटरपैकी सहा हजार लिटर खळबळण्याचं पाणी आपण वेगळं काढलं. यूएफ, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन, यातून त्यातलं 5,400 लिटर मिळालं आणि ते आरओला, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिसला, दिलं. आरओनं 75 टक्के पाणी गाळून दिलं तर 4,050 लिटर चांगलं पाणी मिळेल आणि 1,350 लिटर रिजेक्ट उरेल. आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला 1,200 मिलिग्रॅम असेल तर रोज जवळजवळ साडेसहा किलो क्षार आत जातात. ते सगळे त्या 1,350 लिटरमध्ये चौपट घट्ट होऊन बाहेर पडतात. वर्षाचे 300 दिवस काम धरलं तर हे दोन टनांच्या आसपास भरतं. पाण्यात लिटरला 60 मिलिग्रॅम डिटर्जंट असेल तर रिजेक्टमध्ये तो 240 मिलिग्रॅम होतो.

हे पाणी शेजारच्या रानात सोडू नका, कुणी मागितलं तरी. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांच्या काळ्या जमिनीत अतिपाण्यानं आणि क्षारानं चोपण झालेली रानं आपण सगळ्यांनी पाहिलीत. धुलाईच्या पावडरीतले सोडा अ‍ॅश, सोडियम सल्फेट, सोडियम सिलिकेट हे सगळे सोडियमचेच क्षार. सोडियम मातीच्या चिकण कणांना धरून बसला की कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात, पाणी खाली उतरत नाही. ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी, अशी ती जमीन होते. ती सुधारायला पुढे जिप्सम, निचऱ्याचे पाइप आणि कित्येक हंगाम लागतात.

मग रिजेक्टला जागा कुठे? पहिला आणि सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे रिजेक्ट कमीत कमी तयार होऊ देणं. सगळं पाणी आरओमधून न नेता गरजेपुरतंच न्यायचं. दुसरा, यूएफचं बॅकवॉशचं, म्हणजे मेम्ब्रेन उलट्या दिशेनं धुतल्याचं, पाणी आणि थोडं रिजेक्ट हवा देणाऱ्या जैविक टाकीत घालणं. तिथले जिवाणू डिटर्जंट खरोखर मोडतात, क्षार मात्र तसेच राहतात. तिसरा, औद्योगिक वसाहतीत सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय आणि परवानगी असेल तर तिकडे पाठवणं. चौथा, तळाला अस्तर घातलेलं उथळ बाष्पीभवन तळं. त्याचा हिशोब आधी करा. दिवसाला सरासरी 4 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर 1,350 लिटरला सुमारे 340 चौरस मीटर, म्हणजे साडेतीन गुंठ्यांच्या जवळपास जागा लागते, आणि पावसाळ्यात ते तळं भरतच राहतं. वर छप्पर नसेल तर या मार्गाचा नाद सोडलेला बरा.

पाण्यात नेमकं काय असतं

पावडर-लिक्विडमधला फेस करणारा मुख्य घटक बहुतेक वेळा लिनिअर अल्काइलबेंझीन सल्फोनेट, म्हणजे एलएएस असतो. 1960 च्या दशकापर्यंत याचाच फांद्याफांद्यांचा प्रकार वापरात होता. तो जिवाणूंना मोडत नसे आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहत. सरळ साखळीचा एलएएस आला आणि हा त्रास बराच कमी झाला. पण तो मोडायला ऑक्सिजन लागतो. बंद सेप्टिक टँकमध्ये तो जवळपास तसाच राहतो आणि गाळाला चिकटून बसतो. 'आमच्याकडे सेप्टिक टँक आहे, तिथं सगळं जिरतं' असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

एलएएसवर ऋण विद्युतभार असतो. लिक्विडमध्ये त्याच्यासोबत भार नसलेले, नॉन-आयॉनिक घटक असतात. आणि शेवटच्या पाण्यात घालायचं फॅब्रिक सॉफ्टनर आणि काही जंतुनाशकं धन भाराची, म्हणजे कॅटायनिक असतात. मेम्ब्रेनच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. आरओ आणि एनएफ (नॅनोफिल्ट्रेशन) मेम्ब्रेनच्या पॉलिअमाइड पृष्ठभागावर बहुधा ऋण भार असतो. त्यामुळे एलएएस ढकलला जातो, तर सॉफ्टनर ओढून घेतलं जातं आणि असं घट्ट बसतं की धुऊनही पूर्ण निघत नाही. एकाच टाकीत एलएएस भरपूर असेल तर सॉफ्टनर त्याच्याशी जोडी करून गढूळ साका होतो आणि तो आधीच्या टप्प्यात काढता येतो. सॉफ्टनरचं पाणी एकटंच मेम्ब्रेनवर गेलं तर नुकसान ठरलेलं.

याशिवाय दवाखान्याच्या कपड्यांतून रक्त, मलमांचं तेल, आयोडीन, कापसाचे आणि सुताचे तंतू येतात. पाण्याचा पीएच 9 ते 11. हायपोक्लोराइट वापरत असाल तर त्यातला क्लोरीन. आणि तापमान: दवाखान्याचे कपडे निर्जंतुक करायला 71 अंश सेल्सिअसला 25 मिनिटं धुवावेत अशी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची प्रचलित शिफारस आहे, त्यामुळे मुख्य धुण्याचं पाणी गटारात पडतं तेव्हाही हात लावता येणार नाही इतकं कढत असतं. पॉलिअमाइड मेम्ब्रेनला 45 अंशांच्या वरचं पाणी चालत नाही.

पहिली पायरी : पाणी मशीनच्या तोंडाशीच वेगळं करा

माझ्या मते या सगळ्या कामात सगळ्यात जास्त फायदा इथं आहे आणि सगळ्यात कमी खर्चही इथंच आहे. तरीही सगळ्यांचं लक्ष चकचकीत स्टीलच्या स्किडकडे, म्हणजे चौकटीवर जोडून आलेल्या यंत्रणेकडे, असतं.

एका धुलाईत पाणी पाच-सहा वेळा बाहेर पडतं. पहिलं भिजवण्याचं पाणी: रक्त, घाण, तंतू. दुसरं मुख्य धुण्याचं: डिटर्जंट आणि सोडा सर्वांत जास्त, तापमान सर्वांत जास्त. मग दोन-तीन खळबळण्याची पाणी, ज्यात डिटर्जंट उत्तरोत्तर कमी होत जातो. आणि शेवटी सॉफ्टनरचं. ही सगळी एका गटारात मिसळली की सर्वांत वाईट पाण्याचे गुण सगळ्या पाण्याला लागतात.

मशीनच्या ड्रेन व्हॉल्व्हच्या पुढे हवेवर चालणारा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवा आणि त्याला मशीनच्या प्रोग्रॅममधून सिग्नल द्या. नव्या मशीनला बहुधा दोन ड्रेन असतातच. दुसरा बहुतेक ठिकाणी बंद करून ठेवलेला असतो, तो उघडा. भिजवणं, मुख्य धुणं आणि सॉफ्टनरचं पाणी एका टाकीत. खळबळण्याची पाणी दुसऱ्या टाकीत. मेम्ब्रेनकडे फक्त दुसरी टाकी जाते. पहिल्या टाकीचं पाणी जैविक प्रक्रियेकडे.

सॉफ्टनर मुळात लागतं का, हेही पाहा. ओटीच्या ड्रेपना आणि बऱ्याच चादरींना त्याशिवाय चालतं. बंद करता आलं तर मेम्ब्रेनचा एक मोठा शत्रू कायमचा गेला.

त्याच दमात आत येणाऱ्या पाण्याचा जडपणाही तपासा. आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. जड पाण्यात कॅल्शियम डिटर्जंटला धरतो, फेस होत नाही आणि धुणारा माणूस आणखी एक मग पावडर टाकतो. आत येणाऱ्या पाण्याला मिठावर चालणारा सॉफ्टनर प्लँट बसवला आणि मगाऐवजी डोसिंग पंप लावला, तर पावडर लक्षात येण्याइतकी कमी लागते. जो डिटर्जंट पाण्यात गेलाच नाही, तो काढावाही लागत नाही. इथं एक गोष्ट मात्र सांभाळायची. या सॉफ्टनर प्लँटच्या रिजनरेशनचं, म्हणजे तो मिठानं पुन्हा ताजा करतानाचं, खारं पाणीही रिजेक्टच्याच हिशोबात धरा.

दुसरी पायरी : मोजा

विक्रेत्याला बोलावण्याआधी किमान आठवडाभराचे आकडे हातात असू द्या. कामाच्या तासांत दर तासाला दोन्ही टाक्यांतून थोडं थोडं पाणी घेऊन दिवसाचा एकत्र नमुना करा. सोमवारचं आणि सणानंतरचं पाणी वेगळं असतं, तेही आलं पाहिजे. जागेवर मोजायचं ते पीएच, तापमान, टीडीएस, जडपणा आणि क्लोरीन. यासाठी साधी मीटर आणि किट पुरतात. प्रयोगशाळेतून करून घ्यायचं ते सीओडी आणि बीओडी (पाण्यातली घाण मोडायला अनुक्रमे रसायनानं आणि जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो), तेल-ग्रीस, गाळ आणि एमबीएएस.

एमबीएएस म्हणजे मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाशी जोडी करणारे पदार्थ. रंगाची डिटर्जंटशी झालेली जोडी क्लोरोफॉर्ममध्ये उतरते आणि तिची निळाई 652 नॅनोमीटरवर मोजतात. ही चाचणी फक्त ऋण भाराचे डिटर्जंट दाखवते. तुमच्या लिक्विडमध्ये नॉन-आयॉनिक जास्त असेल तर एमबीएएस कमी येऊनही पाणी फेसाळेल. अशा वेळी सीओडीवर नजर ठेवा. तुलनेसाठी सांगायचं तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, ही मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे.

रोजच्या रोज एमबीएएस कोण करणार? त्यासाठी बाटलीची चाचणी ठेवा. एक लिटरची स्वच्छ पारदर्शक बाटली अर्धी भरायची, झाकण लावून दहा वेळा जोरात हलवायची आणि ठेवून फेस किती वेळात फुटतो ते घड्याळावर पाहायचं. फीड (यंत्रणेत जाणारं पाणी), यूएफनंतरचं आणि आरओनंतरचं, अशा तीन बाटल्या शेजारी शेजारी. फीडच्या बाटलीत बारीक, दाट, काचेला चिकटणारा फेस दिसतो. आरओच्या बाटलीत मोठे बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात. ज्या दिवशी आरओच्या बाटलीत फेसाची कड काचेला धरून राहील त्या दिवशी एखादी ओ-रिंग निसटली आहे किंवा मेम्ब्रेनला इजा झाली आहे असं समजून तपासणी सुरू करा.

तिसरी पायरी : कोणता मेम्ब्रेन

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. यूएफमधून आलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण हलवलं की फेसाळतं. मग 'मेम्ब्रेन फाटला' अशी तक्रार येते. तो फाटलेला नसतो. एलएएसच्या एका रेणूचं वजन 350 च्या आसपास, तर लाँड्रीसाठीच्या यूएफची छिद्रं हजारांपासून लाखभर वजनाचे रेणू अडवणारी. सुटा रेणू त्यातून सहज निघून जातो.

डिटर्जंटचं पाण्यातलं प्रमाण एका मर्यादेच्या वर गेलं की त्याचे रेणू एकत्र येऊन गोळे करतात, त्यांना मायसेल म्हणतात. हे गोळे यूएफ अडवू शकतो. सोडियम लॉरिल सल्फेटच्या बाबतीत शुद्ध पाण्यात ही मर्यादा लिटरला सुमारे 2.3 ग्रॅम आहे. क्षार असले की ती खाली येते आणि एलएएसची मुळातच कमी असते. तरी खळबळण्याच्या पाण्यात डिटर्जंट दहा-वीस ते शंभर-दीडशे मिलिग्रॅम एवढाच, म्हणजे मर्यादेच्या बराच खाली. त्यामुळे यूएफ तंतू, तेल, मळ, जिवाणू आणि मळाला चिकटलेला डिटर्जंट काढतो. विरघळलेला सुटा डिटर्जंट आणि क्षार पुढे जाऊ देतो.

एनएफ, म्हणजे नॅनोफिल्ट्रेशन, 200 ते 400 वजनाच्या रेणूंपर्यंत अडवतो. एलएएस आकारानंही अडतो आणि भारामुळेही ढकलला जातो. जडपणाही बराच निघतो, पण साधं मीठ पुष्कळसं पार होतं. त्यामुळे दाब कमी लागतो आणि रिजेक्ट कमी खारं होतं. आरओ जवळपास सगळंच अडवतो, मीठसुद्धा.

आता निवड. कपडे भिजवायला आणि मुख्य धुण्याला पाणी परत वापरायचं असेल तर यूएफ पुरतो. त्यातला उरलेला डिटर्जंट तिथं कामाचाच आहे. पण यूएफ क्षार काढत नाही, त्यामुळे ते फेरीगणिक साठतात. ताजं पाणी 400 टीडीएसचं आहे आणि एका धुलाईत 600 ची भर पडते असं धरू. अर्धं पाणी फिरवलं तर बाहेर पडणारं पाणी 1,600 वर स्थिरावतं. तीन चतुर्थांश फिरवलं तर 2,800 वर. तिथं पांढऱ्या चादरी राखाडी दिसू लागतात, कापड कडक होतं. म्हणून नुसत्या यूएफवर निम्म्यापेक्षा जास्त पाणी फिरवू नये, असं मी सुचवेन. शेवटच्या खळबळण्यालाही परत वापर करायचा असेल तर यूएफपुढे एनएफ किंवा आरओ हवा. बोअरचं पाणी मुळातच खारं असेल तर आरओ, नाहीतर एनएफ बघा. एनएफकडे आपल्याकडे फारसं कुणी वळत नाही, पण डिटर्जंट हाच मुख्य प्रश्न असलेल्या ठिकाणी तो अनेकदा जास्त योग्य ठरतो.

कढत मुख्य धुण्याचं पाणीच गाळायचं असेल तर सिरॅमिक यूएफ लागतो. तो उष्णता, सोडा, क्लोरीन सगळं सोसतो, पण किंमत पाहता छोट्या युनिटला तो परवडणं कठीण.

चौथी पायरी : मेम्ब्रेनच्या आधीची तयारी

पहिलं काम तंतू अडवण्याचं. फिरत्या ड्रमची किंवा थरथरणारी बारीक जाळी, छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आत, आणि तिला रोज पाण्याचा फवारा. साध्या बास्केट जाळीवर भागवू नका. ती तासाभरात भरते आणि मग कामगार ती काढून ठेवतो. तंतू यूएफच्या पोकळ धाग्यांत शिरले की बाहेर निघत नाहीत. म्हणूनच लाँड्रीसाठी पाणी धाग्याच्या बाहेरून आत जाणारा आणि खालून हवेचे बुडबुडे देऊन झटकता येणारा यूएफ निवडा. पाणी आतून बाहेर जाणारा प्रकार पिण्याच्या पाण्यासाठी ठीक आहे.

मग समतोल टाकी, निदान सहा ते आठ तासांचं पाणी मावेल एवढी. तिच्यात पाणी गार होतं आणि पीएचचे चढउतार एकमेकांत मिसळून कमी होतात. ढवळायला खालून हवा सोडली तर फेस टाकीबाहेर येतो, म्हणून इथं हळू फिरणारा पंखा किंवा पंपानं पाणी फिरवणं बरं. फेस मारायला सिलिकॉनचं अँटीफोम कधीही वापरू नका. ते मेम्ब्रेनवर थर धरतं.

त्यानंतर पीएच 7 ते 8 वर आणून तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड द्या. मात्रा ठरवायला सहा ग्लासांत वाढती मात्रा टाकून ढवळून बघायची, ज्यात साका लवकर आणि घट्ट बसतो ती घ्यायची. जास्त झालेलं अ‍ॅल्युमिनियम पुढे मेम्ब्रेनवर जातं, म्हणून 'थोडं जास्तच टाकू' हा विचार नको. तेल जास्त असेल तर साका तळाला बसवण्यापेक्षा बारीक बुडबुड्यांवर वर तरंगवून काढणं सोपं पडतं.

आरओ किंवा एनएफ असेल तर क्लोरीन शून्यावर आणायचाच. पॉलिअमाइडला लिटरला 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मोकळा क्लोरीन नको. त्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट देतात; हिशोबानं एका भाग क्लोरीनला 1.34 भाग लागतो, प्रत्यक्षात तीन भागांपर्यंत धरतात. मग पाच मायक्रॉनचं कार्ट्रिज आणि जडपणा पाहून अँटीस्केलंट, म्हणजे मेम्ब्रेनवर क्षारांचा थर बसू न देणारं रसायन. अँटीस्केलंट घेताना ते तुमच्या तुरटीशी आणि डिटर्जंटशी जमतं का हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

आरओला जाणारं पाणी योग्य आहे का हे एसडीआय, म्हणजे बारीक गाळाच्या निर्देशांकाची, चाचणी सांगते. 0.45 मायक्रॉनच्या कागदातून 30 पीएसआय दाबावर 500 मिलिलिटर पाणी जायला किती सेकंद लागले ते पाहायचं, पाणी तसंच चालू ठेवायचं आणि सुरुवातीपासून 15 मिनिटांनी पुन्हा 500 मिलिलिटरला लागलेला वेळ घ्यायचा. पहिल्यांदा 30 सेकंद आणि नंतर 60 सेकंद लागले, तर 1 वजा 30 भागिले 60, म्हणजे अर्धा. त्याचे 50 टक्के, भागिले 15, उत्तर 3.3. पाचच्या वर आलं तर आरओ सुरू करू नका, तीनच्या खाली आलं तर उत्तम.

जैविक टाकी पहिल्या टाकीच्या पाण्याला हवीच. लाँड्रीच्या पाण्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी, म्हणून थोडा युरिया द्यावा लागतो. बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं 100:5:1 हे प्रमाण धरून चला. नीट हवा मिळालेल्या टाकीत एलएएसचा बहुतांश भाग मोडतो. मेम्ब्रेन जे करू शकत नाही ते काम ही टाकी करते.

पाचवी पायरी : आकार ठरवणं

आपल्या उदाहरणातल्या सहा हजार लिटरला दिवसाचे दहा तास धरले तर तासाला 600 लिटर. बॅकवॉशला दहा टक्के जातात, म्हणून 670 धरा. लाँड्रीच्या पाण्याला यूएफच्या एका चौरस मीटरमधून तासाला 40 लिटरपेक्षा जास्त मागू नका. उत्तर येतं सुमारे 17 चौरस मीटर. पण पाणी एक अंशानं थंड झालं की वहन, म्हणजे मेम्ब्रेनमधून पाणी निघण्याचा वेग, सुमारे तीन टक्क्यांनी घटतं, आणि हिवाळ्यात पहाटेची पाळी असतेच. म्हणून 22 ते 25 चौरस मीटर घ्या.

आरओला सांडपाण्यासाठी तासाला चौरस मीटरमागे 17 लिटर धरले तर 405 लिटरसाठी 24 चौरस मीटर लागतात. चार इंच व्यासाच्या, चाळीस इंच लांबीच्या एका मेम्ब्रेनचं क्षेत्रफळ आठ चौरस मीटरच्या जरा आत असतं. म्हणजे तीन मेम्ब्रेन. कुणी एकाच मेम्ब्रेनमध्ये हे बसवून देतो म्हणाला तर त्याला हा हिशोब दाखवा. आणखी एक: असा एक मेम्ब्रेन एका फेरीत साधारण 15 टक्केच पाणी काढतो. तिघांत मिळून 75 टक्के हवे असतील तर रिजेक्टचा मोठा भाग परत फीडला फिरवावा लागतो, आणि पंप त्या फिरत्या पाण्यासकट निवडावा लागतो.

खरेदीआधी तुमच्याच पाण्यावर छोटी चाचणी यंत्रणा दोन-तीन आठवडे चालवून मागा. दुसऱ्या लाँड्रीतले आकडे तुमच्या कामाचे नाहीत. पावडर वेगळी, कपडे वेगळे, बोअर वेगळा.

सहावी पायरी : रोजचं चालवणं आणि धुणं

यूएफला दर 20 ते 45 मिनिटांनी बॅकवॉश, तोही हवेसकट. दिवसाअखेर 200 ते 500 मिलिग्रॅमच्या हायपोक्लोराइटच्या पाण्यात भिजवणं. हे पाणी पूर्ण धुऊन गेल्याशिवाय आरओ सुरू होणार नाही, असं इंटरलॉक असलंच पाहिजे.

भिंतीवर वही टांगा. सकाळ-संध्याकाळ आत-बाहेरचा दाब, वहन, टीडीएस आणि तापमान. वहन तापमानाला जुळवून पाहा. जुळवलेलं वहन दहा टक्क्यांनी घटलं किंवा मेम्ब्रेनच्या दोन टोकांतल्या दाबाचा फरक 15 टक्क्यांनी वाढला की धुवायचं. वहन निम्म्यावर येईपर्यंत थांबलात तर थर घट्ट बसतो आणि पूर्वीचं वहन परत येत नाही.

धुताना क्रम चुकवू नका. लाँड्रीत थर तेलाचा आणि सेंद्रिय असतो, म्हणून आधी कॉस्टिक सोडा, पीएच 11 ते 12, तापमान 30-35 अंश. नंतर स्वच्छ पाणी. मग दोन टक्के सायट्रिक अ‍ॅसिड. आधी अ‍ॅसिड घातलं तर सेंद्रिय थर घट्ट होण्याची भीती असते. द्रावण आरओच्याच पाण्यात करा. जड पाण्यात कॉस्टिक टाकलं की नवा चुना तयार होतो. स्वस्त म्हणून बाजारातलं भांडी-कपड्यांचं लिक्विड मेम्ब्रेन धुवायला वापरू नका, त्यात कोणते घटक आहेत ते माहीत नसतं.

आणि हे कामगाराला समोर बसवून सांगा: हायपोक्लोराइट आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. दोन्हीचे कॅन वेगळ्या रंगाचे, वेगळ्या खोलीत. गॉगल, हातमोजे आणि डोळे धुवायला वाहत्या पाण्याचा नळ जवळच हवा.

गाळलेलं पाणी परत दवाखान्याच्या कपड्यांना जाणार असेल तर टाकीत साठल्यावर त्याला यूव्ही किंवा थोडा क्लोरीन द्या. मेम्ब्रेननं जिवाणू अडवले तरी साठवणीच्या टाकीत ते पुन्हा वाढतात.

परवानगी आणि पूर

पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 1974 खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून उभारणीची आणि चालवण्याची, अशा दोन्ही संमती घ्याव्या लागतात. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा पीएच 5.5 ते 9, बीओडी 30, सीओडी 250, गाळ 100 आणि तेल-ग्रीस 10 मिलिग्रॅम अशी आहे. तुमच्या संमतीपत्रात त्याहून कडक अटी असू शकतात, त्या पाळायच्या. अर्जात रिजेक्ट कुठे जातं हे स्पष्ट लिहा.

सांगलीत 2005, 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या माणसाला सांगायला नको, पण यंत्रणा बसवणारी माणसं बहुधा बाहेरची असतात. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. कंट्रोल पॅनेल, पंपाच्या मोटारी आणि रसायनांचे कॅन तुमच्या जागेच्या जुन्या पूररेषेच्या वर ठेवा, शक्य असेल तर पहिल्या मजल्यावर.

पाणी चढतंय अशी बातमी आली की काय करायचं, याचा कागद पॅनेलच्या दारावर चिकटवा. रसायनांचे कॅन वर न्या. यूएफ आणि आरओ गाळलेल्या पाण्यानं धुऊन घ्या. वीज दोन दिवसांपेक्षा जास्त जाणार असं दिसलं तर आरओमध्ये एक टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण भरून दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे मेम्ब्रेन वाळणार नाही आणि त्यावर शेवाळ-जिवाणू धरणार नाहीत. यूएफचे धागेही ओले राहिले पाहिजेत. पूर ओसरल्यावर या द्रावणाचा पीएच तपासा. तो 3 च्या खाली गेला असेल तर द्रावण बदला. पुन्हा सुरू करताना पहिलं अर्ध्या-पाऊण तासाचं पाणी वापरात घेऊ नका, ते जैविक टाकीकडे जाऊ द्या, आणि तीन बाटल्यांची चाचणी करूनच धुलाईच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा.